बिलाचे काम एजंटवर सोपवताना : वाचकांचे प्रश्न

बिलिंगच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट, म्हणजे भाषिक मॉडेलच्या आधारे सांगितलेले काम स्वतः करणारा प्रोग्रॅम, जोडण्याविषयी कोल्हापूर आणि परिसरातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. एजंटला जी टूल्स दिली जातात त्यांचे वर्णन कसे लिहावे, याकडेच त्यांतील बहुतेकांचा रोख आहे, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. टूल म्हणजे सॉफ्टवेअरमधील बिल काढणे, उधारी पाहणे यांसारखे एखादे काम, जे भाषिक मॉडेलला गरजेप्रमाणे स्वतः बोलावता येते, एवढी ओळख नव्या वाचकांना पुरेशी आहे.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे कास्टिंगवर मशिनिंग करून देण्याचे वर्कशॉप आहे. बेळगावच्या एका पार्टीच्या बिलात दर जास्त लागला होता. आठवड्याने ते लक्षात आल्यावर आमच्या अकाउंटंटने एजंटला ‘हे बिल चुकले आहे, दुरुस्त कर’ असे सांगितले. एजंटने जुने बिल रद्द केले आणि नव्या क्रमांकाने दुसरे काढले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने बिल रद्द दिसते, पण ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर ते चालूच आहे आणि पार्टीला दोन बिले दिसत आहेत. रद्द करण्याच्या टूलचे वर्णन आमच्या प्रोग्रॅमरने ‘बिल रद्द करते’ एवढेच लिहिले आहे. त्यात काय लिहायला हवे होते?

उत्तर : आधी हिशेबाचा गुंता पाहू. ई-इन्व्हॉइसची सरकारी पोर्टलवर नोंद होऊन आयआरएन (त्या नोंदीचा क्रमांक) मिळाल्यावर ते बिल पोर्टलवरून रद्द करायला २४ तासांचीच मुदत असते, आणि त्यावर ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठीचे ऑनलाइन बिल) चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते. आठवडा उलटल्यावर तो मार्ग बंदच झाला होता. अशा वेळी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जास्त आकारणी झाली असल्यास बिलाची रक्कम तेवढ्या फरकाने कमी करणारी क्रेडिट नोट आणि कमी झाली असल्यास ती वाढवणारी डेबिट नोट काढतात. आपल्या एजंटने बिल रद्द केले ते केवळ आपल्या सॉफ्टवेअरपुरते. पोर्टलला त्याचा पत्ताच नाही. दुसऱ्या बिलालाही आयआरएन मिळाला असेल, तर पार्टीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे तिच्या खरेदीवरील कराच्या विवरणात, दोन्ही बिले उमटणार. त्यांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणत्यावर क्रेडिट नोट काढायची, हे आपल्या कर सल्लागाराला विचारून लवकर उरकावे. पार्टीने दोन्ही बिलांवरील कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतली, तर ते प्रकरण तिच्याही अंगलट येईल.

आता वर्णनाकडे येऊ. एजंटमागचे मॉडेल आपल्या प्रोग्रॅमरचा कोड वाचत नाही. त्याच्यापुढे येते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि टूलला कोणती माहिती पुरवायची त्या रकान्यांची यादी. अकाउंटंटने ‘दुरुस्त कर’ म्हटले तेव्हा त्या यादीत दुरुस्तीचे असे काही नव्हते. ‘बिल रद्द करते’ आणि ‘बिल तयार करते’ अशी दोन टूल्स होती. ही दोन एकामागून एक चालवली की दुरुस्ती होते, असा अर्थ त्याने लावला, आणि हाती असलेल्या मजकुरावरून तो गैर म्हणता येत नाही. न पाठवलेला मसुदा पुसणे, नोंदवलेले बिल मुदतीत मागे घेणे आणि मुदतीनंतर क्रेडिट नोट काढणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत, हे आपल्या अकाउंटंटला ठाऊक आहे. वर्णनाला ते ठाऊक नव्हते.

ते वर्णन मी पुढीलप्रमाणे लिहीन.

‘आयआरएन मिळालेले विक्री बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर आणि आपल्या खात्यांत, दोन्हीकडे रद्द करते. आयआरएन मिळून २४ तास उलटले नसतील तरच वापरावे. बिलावर ई-वे बिल चालू असल्यास पोर्टल ते रद्द करू देत नाही. आधी ई-वे बिल रद्द करण्याचे टूल वापरावे. रद्द केलेले बिल परत चालू करता येत नाही आणि तो क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. माल परत आला असेल, किंवा २४ तासांनंतर रक्कम जास्त लागल्याचे आढळले असेल, तर हे टूल वापरू नये, क्रेडिट नोटचे टूल वापरावे. रक्कम कमी लागली असेल तर डेबिट नोटचे. न पाठवलेला मसुदा काढून टाकण्यासाठी मसुदा पुसण्याचे टूल आहे. वापरकर्त्याने नुसते “दुरुस्त कर” म्हटले असेल, तर काय चुकले ते आधी विचारावे. बिल क्रमांक, पार्टीचे नाव आणि रक्कम दाखवून होकार घेतल्याशिवाय हे टूल चालवू नये. काम झाल्यावर रद्द केल्याची तारीख आणि वेळ परत मिळते.’

यातले पहिले वाक्य कोणीही लिहितो. नेमका फरक पडतो तो टूल कोठे वापरू नये, त्याऐवजी कोणते वापरावे आणि चालवल्यावर हिशेबात काय कायमचे बदलते, हे सांगणाऱ्या वाक्यांमुळे. बहुतेक ठिकाणी ही वाक्ये गाळली जातात, कारण वर्णन लिहिण्याचे काम कोड पूर्ण झाल्यावर घाईघाईने उरकले जाते आणि लिहिणाऱ्याला ती उघडच वाटतात. त्यामुळे असे वर्णन प्रोग्रॅमरने एकट्याने लिहू नये. बिले प्रत्यक्ष काढणाऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल तयार करण्याच्या टूलच्या वर्णनातही ‘आधीच पाठवलेल्या बिलाच्या दुरुस्तीसाठी हे वापरू नये’ हे वाक्य हवे, नाहीतर एक दार लावून दुसरे उघडे ठेवल्यासारखे होईल.

मात्र २४ तासांची अट वर्णनात लिहिली म्हणजे ती पाळली जाईलच, असे समजू नये. ती कोडमध्ये तपासलीच पाहिजे, आणि पोर्टलने नकार दिला असता आपल्या खात्यांतही बिल रद्द होता कामा नये. नकाराचा संदेशसुद्धा मॉडेल वाचत असते, म्हणून तोही वर्णनाइतक्याच काळजीने लिहावा. ‘एरर ४००’ असे उत्तर मिळाले की एजंट तेच टूल पुन्हा चालवून पाहतो किंवा भलतेच काही करतो, ‘या बिलाच्या आयआरएनला २४ तास होऊन गेले आहेत, त्यामुळे ते रद्द होणार नाही, रक्कम कमी करायची असल्यास क्रेडिट नोटचे टूल वापरा’ असे उत्तर मिळाले, तर तो बहुधा वाटेवर येतो.

प्रश्न : आमचे दुकान गडहिंग्लजला आहे आणि निपाणी, संकेश्वरकडे रोज माल जातो. एजंट कधी आयजीएसटी (परराज्यातील विक्रीवरचा) लावतो, कधी सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातील विक्रीवरचे). कराचे सगळे नियम आणि दर टूलच्या वर्णनात लिहून काढावेत का?

उत्तर : लिहू नयेत. जे गणिताने ठरते ते मॉडेलला विचारूच नये. ‘कराचा प्रकार’ असा रकाना टूलमध्ये ठेवला की तो भरण्याची जबाबदारी एजंटवर पडते, आणि गडहिंग्लजपासून संकेश्वर जवळ आहे म्हणून ते महाराष्ट्रातच असेल, असा अंदाज तो करू शकतो. तो रकाना काढून टाकावा आणि त्याजागी माल कोणत्या राज्यात पोहोचवायचा एवढेच विचारावे. महाराष्ट्राचा संकेतांक २७, कर्नाटकाचा २९, हे कोडने पाहावे आणि कर त्यानेच ठरवावा. बिल एका पार्टीच्या नावाने आणि माल तिच्या सांगण्यावरून दुसऱ्याकडे, असा व्यवहार असेल तर पुरवठ्याचे ठिकाण बिल ज्याच्या नावाने आहे त्याच्या मुख्य कार्यस्थळावरून ठरते, म्हणून ‘बिल कोणाच्या नावाने’ आणि ‘माल कोणाकडे’ हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात. वर्णनात एकच वाक्य पुरे : ‘कराचा प्रकार आणि दर हे टूल स्वतः ठरवते, वापरकर्त्याला विचारू नये आणि स्वतः गणित करू नये.’

दर लिहून ठेवण्याचा धोका चपलांच्या व्यापाऱ्यांना चटकन पटेल. १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर तो ५ टक्के झाला. ज्यांनी वर्णनात १२ टक्के लिहून ठेवले होते, त्यांचे वर्णन एका रात्रीत खोटे ठरले. दर हे सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये, म्हणजे कायमच्या नोंदींच्या यादीत, तारखेसह असावेत.

बिल क्रमांकाचेही तसेच आहे. जीएसटी नियम ४६ प्रमाणे तो सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नसलेला असावा लागतो. एजंटला तो सुचवू देऊ नये, सॉफ्टवेअरनेच द्यावा.

प्रश्न : गांधीनगरला आमचा कापडाचा होलसेल व्यापार आहे. दुकानातील मुले एजंटशी मराठीत बोलतात, सिंधी व्यापारी हिंदीत. टूलचे वर्णन इंग्रजीतच असावे लागते का? शिवाय पार्टीचे नाव सांगितले की एजंट कित्येकदा दुसऱ्याच पार्टीचे खाते उघडतो.

उत्तर : इंग्रजीची सक्ती नाही, आजची मोठी मॉडेल्स मराठी वर्णन वाचून नीट काम करतात. खर्चाचा एक मुद्दा मात्र आहे. मॉडेल मजकूर टोकनच्या, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांच्या, हिशेबाने वाचते, खर्चही त्यावरच मोजला जातो, आणि देवनागरी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा सहसा अधिक टोकन लागतात; टूल्सची वर्णने प्रत्येक संभाषणाबरोबर पाठवली जात असल्याने हा फरक साचत जातो. तरीही निवड करताना मी खर्चापेक्षा लिहिणारा कोणत्या भाषेत नेमके लिहू शकतो याला महत्त्व देईन. मोडक्या इंग्रजीतील वर्णनापेक्षा स्वच्छ मराठीतील वर्णन केव्हाही चांगले.

वर्णन कोणत्याही भाषेत असो, गिऱ्हाईक आणि दुकानातील माणसे जे शब्द वापरतात ते त्यात आले पाहिजेत. थकबाकी दाखवणाऱ्या टूलच्या वर्णनात ‘उधारी, येणे, बाकी, खाते किती आहे असे विचारल्यास हे वापरावे’ असे लिहिले की एजंटची चाचपड पुष्कळ कमी होते. ‘कच्चे बिल’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ मसुदा वाटतो, पेठेत तो अंदाजपत्रकासाठीही वापरतात आणि हिशेबात न घेतलेल्या विक्रीसाठीही. शेवटच्या अर्थाने मागणी आली तर एजंटने काय करावे, हे मालकाने आधीच ठरवून लिहून द्यावे. माझे उत्तर विचाराल, तर असे टूल असूच नये.

पार्टीच्या गोंधळाचे कारण कोल्हापुरात शोधावे लागत नाही. महालक्ष्मी, अंबिका, शाहू, ज्योतिर्लिंग या नावांनी सुरू होणारी खाती कोणत्याही व्यापाऱ्याच्या यादीत डझनाने सापडतील. म्हणून बिल काढण्याच्या टूलने पार्टीचे नाव स्वीकारू नये, खाते क्रमांक स्वीकारावा. त्या रकान्याच्या वर्णनात लिहावे : ‘हा क्रमांक पार्टी शोधण्याच्या टूलमधून मिळालेलाच असावा. एकाहून अधिक पार्ट्या सापडल्यास त्यांची नावे, गावे आणि जीएसटी क्रमांकाची शेवटची चार अक्षरे दाखवून वापरकर्त्याला निवडायला सांगावे. स्वतः निवडू नये.’ हे वाक्य टूलच्या मुख्य वर्णनात नव्हे, त्या रकान्याच्याच वर्णनात ठेवावे. एजंट रकाना भरत असताना तो मजकूर त्याच्यासमोर नेमक्या जागी असतो.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. ‘चाळीस रवे, दर बेचाळीसशे’ असे सांगितल्यावर एजंटने एका रव्याचा दर बेचाळीसशे धरून बिल केले. बिलाची रक्कम एक लाख अडुसष्ट हजार झाली, तरी त्याला काहीच वावगे वाटले नाही.

उत्तर : यार्डात दर बोलला जातो तो क्विंटलचा, आणि नग मोजला जातो तो रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा. तीस किलोचे चाळीस रवे म्हणजे बारा क्विंटल, म्हणजे मालाची किंमत पन्नास हजार चारशे रुपये. आपल्या टूलमध्ये ‘नग’ आणि ‘दर’ असे दोनच रकाने असावेत, असे दिसते. एजंटने दोहोंचा गुणाकार केला, आणि त्या रकान्यांनुसार तेच अपेक्षित होते.

यावरचा इलाज वर्णनापेक्षा रकान्यांच्या रचनेत अधिक आहे. नगसंख्या, एका नगाचे वजन, एकूण वजन आणि दर हे वेगळे रकाने करावेत, आणि रकान्याच्या नावातच एकक यावे : ‘दर’ न म्हणता ‘दर रुपये प्रति क्विंटल’, ‘वजन’ न म्हणता ‘वजन किलो’. रव्याचे वजन तीस किलोचेच असते असे नाही. दहा आणि पाच किलोचेही माल येतात, म्हणून ते गृहीत धरू नये, विचारावे, अशी सूचना त्या रकान्याखाली द्यावी. जिथे मोजकेच पर्याय शक्य आहेत, उदाहरणार्थ किलो, क्विंटल, नग, तिथे मोकळा मजकूर घेण्याऐवजी पर्यायांची बंद यादी द्यावी. टूलच्या आराखड्यात तशी सोय असते. दर नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेला तर कोडने थांबून विचारावे, हेही करून ठेवावे.

एककांचा हा त्रास गुळापुरता नाही. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची) एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरने तिच्याशी बोलण्याची सोय, रक्कम पैशांत मागते, म्हणजे पाचशे रुपयांसाठी तिथे ५०००० लिहावे लागते. पैसे मागण्याची लिंक पाठवणाऱ्या टूलच्या रकान्यात ‘रक्कम’ एवढेच लिहिले असेल, तर गिऱ्हाइकाकडे पाच रुपयांची मागणी जाईल. रकाना रुपयांत ठेवावा आणि शंभराचा गुणाकार कोडने करावा. तसेच ‘फक्त अंक, स्वल्पविराम नको, लाख हा शब्द नको’ असे लिहून ठेवावे, म्हणजे ‘सव्वा लाख’ हे १२५००० असेच पोहोचेल.

तारखेकडेही असेच पाहावे. ०३/०४/२०२६ ही आपल्याकडे ३ एप्रिल, पण मॉडेलने ती ४ मार्च म्हणून वाचली तर बिल मागच्या आर्थिक वर्षात आणि मागच्या क्रमांक-मालिकेत जाऊन बसेल. रकान्याच्या वर्णनात वर्ष, महिना, दिवस हा क्रम एका उदाहरणासह द्यावा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला माहिती पाठवायची असेल तर तिच्या एक्सएमएल फाइलमध्ये तारीख याच क्रमाने सलग आठ अंकांत लागते, पण ते रूपांतर एजंटवर सोपवू नये.

प्रश्न : मी शाहूपुरीत कर सल्लागार आहे. एका अशिलाच्या सॉफ्टवेअरने एजंटला पन्नासहून अधिक टूल्स दिली आहेत. प्रत्येकाचे वर्णन बरे आहे, तरी एजंट गोंधळतो. ‘चलन काढ’ म्हटले की तो कधी डिलिव्हरी चलन काढतो, कधी कर भरण्याचे.

उत्तर : वर्णन सुटे वाचून बरे वाटणे पुरेसे नाही; मॉडेल ती सगळी शेजारीशेजारी वाचते, आणि दोन वर्णनांत फरक करता येतो की नाही, हाच प्रश्न असतो. सगळी वर्णने एका कागदावर छापून घ्या आणि अशिलाच्या कारकुनाला ‘चलन काढ’ या मागणीसाठी कोणते टूल निवडशील, असे विचारा. त्याला थांबावे लागले, तर एजंटही तिथेच अडखळणार.

‘चलन’ हा शब्द दोन्ही टूल्सच्या नावात राहू द्यावा, पण प्रत्येकाच्या पहिल्याच वाक्यात दुसऱ्याशी असलेला फरक यावा. एकात : ‘जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून मालावर काम करून घेण्यासाठी) किंवा विक्रीशिवाय माल बाहेर पाठवताना लागणारे डिलिव्हरी चलन काढते, कर भरण्याशी याचा संबंध नाही.’ दुसऱ्यात : ‘जीएसटीची रक्कम भरण्यासाठी पीएमटी-०६ हे चलन तयार करते, मालाच्या वाहतुकीशी याचा संबंध नाही.’ उद्यमनगरातील अशिलांसाठी डिलिव्हरी चलनाच्या वर्णनात आणखी एक ओळ उपयोगी पडेल : जॉबवर्कला गेलेला कच्चा माल कलम १४३ प्रमाणे एक वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, म्हणून पाठवल्याची तारीख रिकामी सोडू नये. रकाना का भरायचा हे कळले की मॉडेल तो टाळत नाही, असा अनुभव आहे.

पन्नास टूल्स एकाच वेळी देण्याची गरज आहे का, हेही पाहावे. ‘आजची बिले’, ‘या महिन्याची बिले’, ‘पार्टीनिहाय बिले’ अशी वेगळी टूल्स असतील, तर तारीख आणि पार्टी हे ऐच्छिक रकाने असलेले एकच शोध टूल करावे. उलट, ‘बिल व्यवस्थापन’ नावाचे एकच टूल करून त्यात काढणे, बदलणे, रद्द करणे असे पर्याय कोंबू नयेत. पाहण्याचे आणि बदलण्याचे काम एकाच टूलमध्ये आले की कोणाला कोणती परवानगी द्यायची, ते ठरवता येत नाही.

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीच्या दागिन्यांचा धंदा आहे. बिल काढताना नेट गेले, एजंटने पुन्हा प्रयत्न केला आणि एकाच मालाची दोन बिले झाली. हे वर्णनाने टळेल का?

उत्तर : निम्मे टळेल. ‘उत्तर न मिळाल्यास हे टूल लगेच पुन्हा चालवू नये, आधी बिल शोधण्याच्या टूलने याच पार्टीचे आणि याच रकमेचे बिल तयार झाले आहे का ते पाहावे’ असे लिहावे. उरलेले निम्मे कोडचे काम आहे : प्रत्येक मागणीबरोबर एक वेगळी खूण घ्यावी आणि तीच खूण पुन्हा आली तर नवे बिल न काढता पहिलेच परत द्यावे.

प्रश्न : मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी बिलिंगचा एजंट केला आहे. वर्णन सुधारले की बिघडले, हे मोजायचे कसे? प्रत्येक वेळी उत्तर थोडे वेगळे येते.

उत्तर : आधी दुकानांत जाऊन लोक खरोखर काय बोलतात ते टिपून आणा. ‘लक्ष्मीपुरीच्या पार्टीला कालचेच बिल परत पाठव’, ‘पाटलांचे किती येणे आहे’, ‘मघाचे बिल राहू दे’ अशी अर्धवट, संदर्भ सोडून बोललेली वाक्ये हवीत. स्वतः टेबलाशी बसून रचलेली वाक्ये फार नीटनेटकी असतात आणि त्यांवर वाईट वर्णनही उत्तीर्ण होते. प्रत्येक वाक्यापुढे अपेक्षित टूल आणि रकान्यांतील अपेक्षित मूल्ये लिहा. काही वाक्ये मुद्दाम अशी घ्या की ज्यांवर कोणतेही टूल चालवणे चूक ठरेल, केवळ उलट प्रश्न विचारणे बरोबर ठरेल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा भाग जवळजवळ नेहमीच राहून जातो.

उत्तर दर वेळी बदलते म्हणूनच प्रत्येक वाक्य अनेकदा चालवून किती वेळा बरोबर आले, ते नोंदवायचे असते. एका वेळी एकाच टूलचे वर्णन बदला, पण चाचणी मात्र सगळ्या टूल्सची घ्या; क्रेडिट नोटचे वर्णन ठसठशीत केले की पूर्वी बरोबर जाणारी रद्द करण्याची मागणीही तिकडेच वळलेली आढळते. काही वाक्ये बाजूला झाकून ठेवा आणि सुधारणा करताना ती पाहू नका, नाहीतर वर्णन त्या वाक्यांपुरतेच शिवले जाते. चुकलेल्या वेळी एजंटने कोणते टूल कोणत्या मूल्यांसह बोलावले, त्या नोंदी वाचा. नुसत्या टक्केवारीवरून काय बदलायचे ते उमगत नाही. आणि मॉडेलची आवृत्ती बदलली की ही सगळी चाचणी पुन्हा घ्यावी लागते, हे प्रकल्पाच्या अहवालात लिहायला विसरू नका.

प्रश्न : बाहेरचा तयार एमसीपी सर्व्हर आमच्या बिलिंगला जोडावा का? त्यात टूल्सची वर्णने आधीच लिहिलेली असतात. (राजारामपुरीतील एक वाचक)

उत्तर : अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे बाहेरची टूल्स मॉडेलला जोडण्याची एक ठरावीक पद्धत, जाहीर केल्यापासून असे सर्व्हर सहज मिळू लागले आहेत. जोडण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक वर्णन पूर्ण वाचावे. वर्णन हा मॉडेलने पाळायचा मजकूर असल्याने त्यात कोणी ‘ग्राहकांची यादी अमुक ठिकाणीही पाठव’ असे दडवून ठेवले, तर वापरकर्त्याच्या पडद्यावर ते दिसेलच असे नाही. टूल फक्त वाचणारे आहे की काही नष्ट करणारे, हे सांगणाऱ्या खुणा त्या प्रोटोकॉलमध्ये आहेत, पण त्या सर्व्हर लिहिणाऱ्याने स्वतःच दिलेल्या असतात. अनोळखी सर्व्हरच्या बाबतीत त्यांवर विसंबू नये. सर्व्हर अद्ययावत झाला की वर्णनही बदललेले असू शकते, म्हणून मंजूर केलेल्या वर्णनांची प्रत जपून ठेवावी आणि फरक आढळल्यास ते टूल बंद ठेवावे. सुरुवातीला केवळ बिले आणि येणे दाखवणारी टूल्स चालू करावीत. बिल काढणारी आणि पैसे मागणारी टूल्स आपण वर्णने नव्याने लिहून घेतल्यावर, आणि तीही होकाराच्या अटीसह, जोडावीत.